मदत हवी आहे: दर उन्हाळ्यात गाडीच्या एसीचा गॅस जातो, सर्व्हिस सेंटर गळती शोधतच नाही

नमस्कार मंडळी,

मी चंद्रपूरला राहते. गाडी पेट्रोल हॅचबॅक. कंपनीची मूळ वॉरंटी संपली आहे, पण पैसे भरून वाढवून घेतलेली अजून चालू आहे. एप्रिल लागला की एसी कोमट हवा फेकू लागतो. डीलरच्या सर्व्हिस सेंटरला नेलं की ते गॅस भरतात, व्हेंटला थर्मामीटर लावून गार हवा दाखवतात, जॉबकार्डवर 'गॅस टॉपअप, एसी ओके' लिहून बिल हातात देतात. काही आठवडे बरे जातात, मग पुन्हा तेच. मागच्या उन्हाळ्यात हेच झालं, त्याआधीही हेच.

इथल्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बाबांची बायपास झाली आहे आणि तपासणीसाठी त्यांना नागपूरला न्यावं लागतं. वरोरा, जाम, बुटीबोरी असा जवळपास दीडशे किलोमीटरचा रस्ता. डॉक्टरांची वेळ दुपारची असली की भर उन्हातच निघावं लागतं. गेल्या खेपेला जामच्या अलीकडे एसी बसला. काचा खाली केल्या तर झळा, वर केल्या तर घुसमट. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा बघून मी गाडी एका ढाब्याच्या सावलीत लावली आणि ऊन उतरेपर्यंत हललेच नाही. डॉक्टरांची वेळ गेली.

एसीची यंत्रणा बंदिस्त असते. गॅस कमी झाला म्हणजे तो कुठून तरी बाहेर गेला. रबरी होजमधून, कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी थोडाफार झिरपतो हे मान्य, पण काही आठवड्यांत थंडावाच जावा इतका नाही. तरी सल्लागाराचं उत्तर ठरलेलं: 'मॅडम, गाडी जुनी झाली की गॅस भरावाच लागतो.' वॉरंटीचं कोडं तर याहून वाईट. गॅस 'कन्झ्युमेबल' म्हणून वगळलेला. गळका पार्ट वॉरंटीत बसतो, पण गळती सापडल्याची नोंदच नाही, त्यामुळे क्लेम कशाचा करणार? म्हणजे ते शोधत नाहीत तोवर पैसे माझेच जाणार.

यावेळी हटून बसले तेव्हा म्हणाले, 'कूलिंग कॉइल असू शकते, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, सोबत कॉम्प्रेसरही बदलून घ्या.' ही कॉइल म्हणजे डॅशबोर्डच्या आत हवा गार करणारा भाग. पण 'असू शकते' एवढ्यावर अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा? आणि कॉम्प्रेसर कशासाठी, याचं उत्तर कुणी देत नाही. माझ्या बाजूने सांगायचं तर केबिन फिल्टर नवा आहे, कंडेन्सरचा पंखा फिरतो, आणि सिग्नलला उभी असो की हायवेला, गारवा सारखाच कमी.

डॅशबोर्ड न खोलता कॉइलची गळती पक्की करता येते का? बाहेरच्या एसीवाल्याकडून तपासून घेतलं तर वॉरंटी नाकारतील का? आणि आजवर गॅसवर गेलेले पैसे परत मागता येतील का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी नाशिकला गाड्यांच्या एसीचंच काम करतो. कॉइलची गळती डॅशबोर्ड न उतरवता कळू शकते. गॅस पुरेसा भरलेला असताना एसी बंद करून गाडी दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवायची. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसतो. मग कॉइलच्या पाण्याच्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टर धरायचा. वाजला तर कॉइलवर संशय पक्का. दुसरा मार्ग यूव्ही डायचा, म्हणजे यूव्ही प्रकाशात चमकणाऱ्या रंगाचा: तो एसीच्या यंत्रणेत टाकून काही दिवस गाडी चालवा, मग ड्रेनच्या पाण्यावर यूव्ही टॉर्च मारा. चमकलं तर कॉइल. यात काहीच निघालं नाही तर गॅस काढून नायट्रोजनचा दाब देतात आणि साबणाच्या फेसाने एकेक जोड बघतात. सर्व्हिस पोर्टच्या आतला छोटा व्हॉल्व्हही बघायला सांगा. त्याची किंमत किरकोळ असते आणि कित्येकदा चोर तोच निघतो.

सगळ्यात महत्त्वाचं, टॉपअप करू देऊ नका. आधी मशीनने सगळा गॅस बाहेर काढून वजन लिहून घ्या. बॉनेटखाली स्टिकरवर किती ग्रॅम हवा ते असतं. समजा ४५० हवा आणि निघाला २००, तर गळतीचा पुरावा तुमच्या हातात आला. अंदाजाने भरलेला गॅस जास्त झाला तरी गारवा कमीच होतो.

कॉम्प्रेसरला लगेच हो म्हणू नका. पूर्ण वजनाचा गॅस असताना दोन्ही गेजवर (एक कमी दाबाचा, एक जास्त दाबाचा) दाब नीट येतो का आणि पाइपमध्ये धातूची भुकटी आहे का, हे दाखवा म्हणावं. पण एक धोका लक्षात ठेवा. गॅसबरोबर ऑइलही जातं, आणि वर्षानुवर्षं नुसता गॅस भरत राहिलं तर कोरडा पडून कॉम्प्रेसर खरंच मरतो. कॉइल बदलली तर ड्रायर (यंत्रणेतला ओलावा शोषणारा भाग) आणि जोडांतल्या रबरी ओ-रिंग नवीनच हव्यात. हिवाळ्यात आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा, सील ओलं राहतं.

प्रतिसाद:

वॉरंटी असेपर्यंत बाहेर काहीही उघडू देऊ नका. नुसता डिटेक्टर लावून बघणं वेगळं, त्यात पार्टला हात लागत नाही. डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकाच ईमेलमध्ये सगळी जॉबकार्डं जोडा आणि गळतीचा लेखी अहवाल मागा. दाद नाही मिळाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथे, म्हणजे चंद्रपूरलाच, तक्रार करता येते आणि तुम्ही वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून २ वर्षांची. तुमचं सर्वांत जुनं बिल त्या मुदतीत बसतं का, ते आजच बघा.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. ईमेल पाठवला आहे आणि जुनं बिल शोधून ठेवलं, मुदतीत बसतं. नाशिकच्या दादांना एक विचारायचं आहे. सर्व्हिस सेंटर म्हणतं की काढलेल्या गॅसचं वजन त्यांच्या मशीनवर दिसतं, पण छापून देता येत नाही. स्क्रीनचा फोटो काढून सल्लागाराची जॉबकार्डवर सही घेतली तर चालेल का? आणि काढताना गाडीजवळ उभं राहू देत नसतील, तर आग्रह कुठवर धरावा? बाबांना पुढच्या आठवड्यात न्यायचं आहे, त्याआधी हे उरकायला हवं.