मधल्या सुट्टीतली मारामारी: कॅमेरे, समुपदेशक की आणखी काही?

प्रश्न (पालक, शाळा व्यवस्थापन समिती):
तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा. मधल्या सुट्टीत नळापाशी मोठी मुलं पाचवी-सहावीच्या पोरांचे डबे हिसकावतात, मारतात. परवा एकाचा हात मोडला. समितीत कुणी म्हणतं कॅमेरे लावा, कुणी समुपदेशक आणा, कुणी त्या आठवीतल्या दोघांना दाखला देऊन काढा. पैसे थोडेच आहेत. सुरुवात कशानं करावी?

प्रतिसाद (निवृत्त मुख्याध्यापिका):
दाखल्याचा विषय आधी संपवा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ मुळे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, कलम १७ मुळे छडीही नाही.

आम्ही प्रत्येक मुलाला शाळेचा कच्चा नकाशा दिला. नाव लिहायचं नाही, भीती वाटते तिथं फुली मारायची. मुतारीमागं आणि सायकल स्टँडवर फुल्या येणार हे ठाऊक होतं. पण सगळ्यांत जास्त आल्या एसटीच्या थांब्यावर, तिथं आमचं कुणी कधी उभंच राहत नसे! मग फुल्यांच्या जागी पाळीनं शिक्षक आणि लहान वर्गांची सुट्टी वेगळी. यात एक रुपया गेला नाही. टोफी आणि फॅरिंग्टन या संशोधकांनी २०११ मध्ये शाळांमधल्या दादागिरीविरोधी कार्यक्रमांचा आढावा घेतला, त्यात दादागिरी सरासरी २० टक्क्यांच्या आसपास घटलेली दिसली. मैदानावरची देखरेख आणि पालकसभा हे उपयोगी घटक ठरले. कॅमेरा हात मोडल्यानंतर कामाला येतो. समुपदेशक हवाच, पण नळावर माणूस उभा केल्यानंतर.

प्रतिसाद (वर्गशिक्षक, आठवी):
ताईंशी सहमत. एक भर: दोघांना वर्गासमोर 'हात मिळवा' म्हणू नका, मार खाल्लेला पोरगा आणखी दबतो. फिनलंडच्या 'किवा' या दादागिरीविरोधी शालेय कार्यक्रमात दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोलतात आणि दोन-चार समजूतदार वर्गमित्रांना त्या मुलाच्या सोबत राहायला सांगतात.

प्रतिसाद (निवृत्त मुख्याध्यापिका):
सोबत राहणं ठीक. भांडण सोडवायला मात्र मुलांना पाठवू नका, त्याच आढाव्यात समवयस्कांवर सोपवलेल्या कामाचा उलटा परिणाम दिसला होता. आणि प्रकार लैंगिक असेल तर समितीत मिटवायचाच नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांना १०९८ हा बालकांच्या मदतीचा फोन नंबर पाठ असू द्या.

प्रश्नकर्ता:
नकाशाचं शनिवारी करतो. थांब्यावरच्या पाळीला शिक्षक तयार नसतील, तर पालक उभे राहिलेले चालतील का?