चर्चा: खुबा मोडला, मेडिकलला न्यायचं की धंतोलीत?

मेडिकल_चौकातला
मागच्या महिन्यात आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्स येईपर्यंत भावाचा आणि माझा वाद, मेडिकल (नागपूरचा सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना) की धंतोली (खाजगी दवाखान्यांचा भाग)? भाऊ जिंकला, धंतोलीत नेलं. सहाव्या दिवशी डिस्चार्ज, बिल दोन लाख पासष्ट हजार, पानं तीन. इम्प्लांटचे पैसे समजू शकतो, पण 'बायोमेडिकल वेस्ट' अशी वेगळी ओळ होती. त्यांचा केर टाकायचेही पैसे आपणच द्यायचे!
माझं म्हणणं सरळ आहे. योजनांमधून खाजगी दवाखान्यांना पैसे देण्यापेक्षा सरकारनं स्वतःची रुग्णालयं भक्कम करावी. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के खर्च करू असं लिहिलं होतं. कुठं गेला तो आकडा?

खामल्याची_ताई
आकडा राहू द्या बाप्पा. माझ्या सासऱ्यांचाही खुबाच होता. विदर्भातल्या एका सरकारी दवाखान्यात १९ दिवस पडून होते. रोज सकाळी विचारायचं, रोज उत्तर, "आज यादीत नाव नाही." बाराव्या दिवशी पाठीला बेडसोअर. ह्यांची १९ दिवसांची रोजी बुडाली, बाहेरून आणलेली औषधं वेगळी. याला फुकट म्हणता काऊन? तुमची आई सहाव्या दिवशी घरी आली, ते तर पहा.

निवृत्त_सिस्टर
ताई, तुमचं दुखणं खरं आहे. पण मी ३१ वर्षं सरकारी वॉर्डात काढली, माझंही ऐका. रात्रपाळीला चाळीस खाटा आणि मी एकटी. खाटांच्या मधल्या जागेत सतरंजीवर आणखी दहा-बारा. नागपूरच्या दवाखान्यांवर नुसता नागपूरचा भार नसतो, गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा, सगळे इथंच येतात.
आणि रात्री दोनला खाजगीतून व्हेंटिलेटरवरचा पेशंट आणून सोडतात, त्याचं काय? सोबत धड कागद नाहीत. नातेवाइकांना विचारलं तर कळतं, पैसे संपले, एवढंच निदान. तो आमच्याकडे दगावला की नाव सरकारी दवाखान्याचं खराब.

वीस_खाटांचा_डॉक्टर
सगळ्या खाजगीला एकाच मापानं मोजू नका. माझं २० खाटांचं हॉस्पिटल आहे. जागेचं भाडं, मशीनचा हप्ता, नर्सेसचे पगार, सगळं पेशंटच्या बिलातूनच निघतं, मला कोणी अनुदान देत नाही. सरकारी योजनेचं पॅकेज, म्हणजे एका ऑपरेशनमागे ठरलेली रक्कम, आमच्या खर्चाला पुरत नाही आणि पैसे यायला महिने लागतात. मग आमच्यासारखे योजनेत येत नाहीत, आणि शिव्या आम्हालाच.

मेडिकल_चौकातला
डॉक्टरसाहेब, खर्च मान्य. पण मे २०२० मध्ये सरकारनं खाजगीतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिलेच होते ना? साध्या वॉर्डाला दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरसह आयसीयूला ९,०००. तेव्हा जमलं, आता काऊन जमत नाही?

वीस_खाटांचा_डॉक्टर
तेव्हा महामारी होती, कायदा वेगळा लागू होता. आणि खरं सांगू का, ते दर मोठ्या हॉस्पिटलांनी पचवले, आम्ही लहानांनी खाटा कमी केल्या.

गोंदियाकर
मला एक सांगा, दोन लाख पासष्ट हजार भरायच्या आधी महात्मा फुले योजनेचं विचारलं होतं का? १ जुलै २०२४ पासून राज्यात पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड असलं तरी ५ लाखांपर्यंतचा इलाज मोफत मिळतो. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, तिथं कार्ड दाखवायचं. धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

मेडिकल_चौकातला
काउंटरवर एकच प्रश्न होता, "कॅश की इन्शुरन्स?" दवाखाना योजनेत नाही हे तिसऱ्या दिवशी कळलं. आई कण्हत असताना यादी कोण पाहते?
आणि ही योजना भरती झाल्यावरची. आईच्या शुगर-बीपीच्या गोळ्या महिन्याला अठराशेच्या, त्या कुठल्या पॅकेजमध्ये बसतात? ऑपरेशनचं बिल एकदाच येते, या गोळ्या जन्मभराच्या. म्हणूनच म्हणतो, मोहल्ल्यातला सरकारी दवाखाना चालला पाहिजे.

खामल्याची_ताई
आमच्या मोहल्ल्यातला चालू आहे. साडेबाराला गेलं की खिडकी बंद.

गोंदियाकर
१५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारीत सगळं मोफत झालं असं लोक समजतात, तेही अर्धंच. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांचा होता. मेडिकल आणि मेयो (इथलाच दुसरा सरकारी कॉलेजचा दवाखाना) वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. दवाखाना सरकारीच, पण खातं वेगळं!

खामल्याची_ताई
म्हणजे आता आजारी पडायच्या आधी खातंही पाहायचं. सिस्टर, तुम्हाला मान देऊनच विचारते, उद्या तुमचा खुबा मोडला तर तुम्ही कुठं जाल?

निवृत्त_सिस्टर
मेडिकलला. पण माझ्या ओळखी आहेत तिथं, हे खोटं बोलणार नाही.

खामल्याची_ताई
बस, हेच ऐकायचं होतं. आमच्या नाहीत.

निवृत्त_सिस्टर
@मेडिकल_चौकातला, आई चालते का आता?

मेडिकल_चौकातला
वॉकर घेऊन दारापर्यंत. फिजिओवाला घरी येतो, एका वेळेचे सहाशे.

निवृत्त_सिस्टर
वॉकरच्या पायांचे रबर पहा, झिजले की फरशीवर सरकतात. बुच्चे वीस-तीस रुपयांत मिळतात. आणि फिजिओ जे करून घेतो ते तुम्हीही शिकून घ्या, रोज त्याला बोलवायची गरज पडणार नाही.