तो म्हणाला, ‘पास झालीस’

वनाजवाली:
लग्नाच्या साइटवरून ओळख झालेला मुलगा. वय ३३, हिंजवडीत नोकरी. घरच्यांची बोलणी अजून नाहीत, आम्हीच भेटतोय. शनिवारी डेक्कनला जेवलो, बिल १,१४० रुपये. हा खिसे चाचपतोय: पाकीट विसरलं, फोन बंद पडला. मी यूपीआयने भरले, त्यात काय. वर मेट्रोला असू देत म्हणून शंभराची नोटही दिली. रात्री मेसेज: "पाकीट खिशातच होतं. तू कशी वागतेस बघत होतो. पास झालीस." शंभर रुपये परत पाठवले. बिलाचे नाहीत, हे बघा!

मला राग आलाय. आई म्हणते, "तू पैशाला हपापलेली नाहीस ना, एवढंच बघितलं त्यानं." बाकी मुलगा बरा आहे. वेटरशी नीट बोलतो, माझं बोलणं मध्येच तोडत नाही. मैत्रीण म्हणते, आता तू त्याला सांग, नोकरी गेली. बघ काय करतो ते. सांगू का?

टेकडीवाला:
एवढं काय मनाला लावून घेता? दर भेटीला मुलांचाच खिसा हलका होतो, तेही बघा की. निदान त्याच रात्री खरं सांगितलं त्यानं.

वनाजवाली:
हो, पण मी नापास झाले असते तर सांगितलं असतं?

दुसरा_डाव:
नोकरी गेल्याची थाप अजिबात मारू नका. उघडी पडली की तुमच्या खऱ्या पगारावरही त्याचा विश्वास बसायचा नाही.

आमचं दोघांचंही दुसरं लग्न. ठरवायच्या आधी बालगंधर्वच्या कट्ट्यावर बसून कागदच समोर ठेवले. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, तिचं शैक्षणिक कर्ज, माझा क्रेडिट रिपोर्ट (कोणती कर्जं घेतली, हप्ते वेळेवर भरले का, याची नोंद). (रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ही नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पाहुण्यांसमोर मागितला तर पोहे घशात अडकतील, दोघंच असताना काढा.) फ्लॅट आहे म्हणत असेल तर नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, कोणी कोणाकडून घेतला ते त्यात असतं) शोधता येतो. पण त्याला सांगून शोधा, चोरून नको.

लोक लपवतात ते आधीचं लग्न, कर्ज, आजार. महत्त्वाची गोष्ट लपवून लग्नाला संमती मिळवली असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्द करून मागता येतं, पण फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत कोर्टात जावं लागतं. पाकिटाच्या नाटकातून यातलं त्याला काय कळलं? आणि तुम्हाला तरी त्याच्याबद्दल काय कळलं?

चौकोनी_पोळी:
अगं, बिलाचे अर्धे मागितलेस का? आधी ते माग. आणि आईला म्हणावं, तुझ्या लेकीनं असं नाटक केलं असतं तर तिला काय म्हणाली असतीस?

वनाजवाली:
फोन केला. अर्धे मागितले, लगेच पाठवले. म्हटलं, परत परीक्षा घेतलीस तर ती शेवटची भेट. काय हवं ते सरळ विचार. म्हणाला, ऑफिसातल्या मित्रानं सुचवलं होतं. थोडा वेळ गप्प बसला, मग आपणहून म्हणाला, प्रोफाइलवर ‘स्वतःचा फ्लॅट’ लिहिलंय त्यावर ३८ लाखांचं कर्ज बाकी आहे. साइटवर ते लिहायला रकाना नव्हता म्हणे! रविवारी भेटतोय, दोघं आपापले रिपोर्ट घेऊन. हप्ता किती आणि लग्नानंतर तो कोण भरणार, हे फोनवर विचारायचं राहिलं. तेव्हा विचारते.