बंद जिनिंगमधले वाफेचे इंजिन आणि बॉयलर: पावसाळ्याआधी गंजापासून व नासधुशीपासून कसे वाचवावे?

सरकी (नागपूर) यांचा प्रश्न:

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाची जुनी जिनिंग-प्रेसिंग आहे. माझे आजोबा तेथे इंजिनावर कामाला होते, म्हणून लहानपणापासून माझे तेथे जाणे-येणे आहे. कारखाना बंद होऊन बराच काळ लोटला असला तरी आतली यंत्रे जवळजवळ पूर्ण साखळीनिशी जागेवर उभी आहेत: विटांच्या बैठकीत बसवलेला लँकाशायर बॉयलर, पुरुषभर उंचीपेक्षा मोठे फ्लायव्हील असलेले आडवे वाफेचे इंजिन, त्यावरून पट्ट्याने फिरणारा लाइन शाफ्ट (सगळ्या यंत्रांना गती देणारा लांब दांडा), कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांची एक ओळ आणि शेवटी गाठी बांधण्याचा प्रेस.

मागील दोन वर्षांत मात्र तेथे रोज काहीतरी कमी होत आहे. इंजिनावरच्या पितळी तेलकुप्या गेल्या, बॉयलरवरची पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी फोडली गेली, फ्लायव्हीलवर कुणीतरी रंगाच्या फवाऱ्याने नावे लिहिली आणि गेल्या महिन्यात एका रेच्याचा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) दांडा घाव घालून तोडलेला आढळला. छताचे काही टिनपत्रे वाऱ्याने उडाले आहेत आणि नेमके त्यांच्याखाली इंजिनाचे सिलिंडर आहे.

जागेचे वारस तिघे आहेत. त्यांपैकी दोघे यंत्रे राहावीत या मताचे आहेत, तर तिसऱ्यांना भंगारवाल्याने वजनावर दिलेला भाव पटलेला आहे. माझ्या हाती साधारण पन्नास हजार रुपये आणि पाऊस येईपर्यंतचे पाच आठवडे आहेत. एवढ्यात प्रथम काय करावे, उरलेले पितळी भाग काढून ठेवणे योग्य ठरेल का, आणि कायद्याचा काही आधार मिळू शकतो का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुना फिटर यांचे उत्तर:

सरकी यांस,

पन्नास हजारांतला मोठा हिस्सा छतावर खर्च करा. नवे छत परवडणार नाही आणि त्याची आज गरजही नाही. उडालेल्या जागी पत्रे बसवा, पन्हळी साफ करा आणि छताचे पाणी इंजिनाच्या पायाजवळ साचणार नाही अशी चर काढून घ्या. फ्लायव्हीलचा खालचा भाग ज्या खड्ड्यात फिरतो तो खड्डा बहुतेक ठिकाणी पावसाळ्यात विहिरीसारखा भरतो आणि चाकाची कड वर्षातले चार महिने पाण्यात राहते. तो उपसून त्याच्या तोंडाशी मातीचा बांध घाला. पत्रे मिळेपर्यंत ताडपत्री लावायची असेल तर ती यंत्राला गुंडाळू नका. तिच्याखाली हवा खेळती राहील अशा बेताने बांबूच्या चौकटीवर ताणा, कारण प्लास्टिकखाली कोंडलेला दमटपणा उघड्या पावसापेक्षा अधिक चिवटपणे लोखंड खातो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड वेगाने गंजू लागते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती आठवडेच्या आठवडे त्याहून कितीतरी वर असते.

बॉयलरकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आत जुने पाणी उरले असेल तर ते आधी काढून टाका. लँकाशायर बॉयलरच्या पोटातून आरपार दोन मोठ्या नळ्या जातात. त्यांत आणि विटांच्या धूरमार्गांत साचलेली काजळी व राख मुकाट्याने शत्रूचे काम करते. कोळशातील गंधकाचा अंश त्या काजळीत असतो, ती ओल शोषून घेते आणि आम्लासारखी पत्र्याला चरत जाते. ती काजळी खरवडून बाहेर काढणे हे जवळजवळ फुकटातले, परंतु फार मोलाचे काम आहे. बॉयलर सुकवून ठेवण्याची जुनी रीत अशी होती की आत परातींत कळीचा चुना ठेवून सर्व झाकणे घट्ट लावत आणि चुना फुटला की बदलत. तुम्हाला इतक्या वेळा जाऊन पाहणे जमणार नसेल तर वरचे माणूस-भोक आणि खालचे गाळाचे भोक ही दोन्ही उघडी ठेवून त्यांवर जाळी बसवा. वारा आरपार गेला तरी पुष्कळ काम होते.

आता एक धोक्याची सूचना. बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवर पांढरट, तंतुमय लेप असेल तर त्याला हात लावू नका. त्या काळी उष्णता राखण्यासाठी ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत असत आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. जुना रंगही कोरडा घासू नका, कारण त्यात शिसे असण्याचा संभव असतो.

इंजिन फिरवून पाहण्याचा मोह हमखास होतो, तो आवरा. पिस्टनच्या कड्या सिलिंडरला धरलेल्या असतील तर जोर लावल्यावर बिडाचे भाग वाकत नाहीत, तडकतात. सिलिंडरचे निचऱ्याचे कॉक उघडे ठेवा, झाकणातून थोडे तेल आत सोडा आणि फ्लायव्हील दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी मारून जखडून टाका. तेथे येणाऱ्या मुलांपैकी कुणाची बोटे त्यात अडकली तर दुसऱ्याच दिवशी सगळे गाव ते यंत्र तोडायला निघेल.

चकचकीत भागांना, म्हणजे पिस्टन रॉड, क्रँक आणि शाफ्टच्या माना यांना, जाड ग्रीस फासून ठेवा. बाकी लोखंडासाठी आपल्या भागातलेच जवसाचे उकळलेले तेल पातळ हाताने लावता येते. मात्र त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या ढिगाने टाकून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेतात. त्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात. रंग मात्र आत्ताच देऊ नका.

पितळी व गनमेटलचे जे भाग सहज सुटतात ते अवश्य काढून ठेवा, परंतु काढण्यापूर्वी प्रत्येक भागाचे जागेवरचे छायाचित्र घ्या, त्याला तारेने क्रमांकाची पत्र्याची पट्टी बांधा आणि तोच क्रमांक वहीत नोंदवा. कारखानदाराच्या नावाची पाटी सर्वांत आधी काढा. चोराला तिचे मोल पितळाच्या वजनाइतकेच वाटते, पण ती गेली की ते यंत्र कुणी, कुठे आणि कधी बनवले याचा बहुतेक वेळा एकमेव पुरावा जातो.

दप्तरी यांचे उत्तर:

कायद्याच्या बाजूने पाहता, सर्वप्रथम वारसांची लेखी परवानगी घ्या. हेतू कितीही चांगला असला तरी ती नसताना पितळी भाग घरी नेणे तुमच्याच अंगाशी येऊ शकते. तिघांच्याही सह्यांनिशी काढलेल्या भागांची यादी करा व एक प्रत प्रत्येकाकडे ठेवा. मिळकत अविभक्त असेल तर एका वारसाला इतरांच्या संमतीविना सगळे भंगारात विकता येणार नाही. शिवाय पायावर बोल्टने पक्के बसवलेले यंत्र जंगम की स्थावर हा प्रश्न मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 नुसार ते कोणत्या उद्देशाने जमिनीला जखडले आहे यावर अवलंबून असतो. त्यामुळे भंगारवाल्याशी तोंडी झालेला व्यवहार वाटतो तितका सरळ नाही. वकिलाची एक नोटीस तिसऱ्या वारसांना निदान थांबवू शकेल, पण घरच्या माणसांत नोटिशीपेक्षा बैठक केव्हाही बरी.

चोरी आणि तोडफोड यांबद्दल तक्रार मालकानेच द्यावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम 303, आगळिकीसाठी (म्हणजे मालमत्तेच्या नासधुशीसाठी) कलम 324 आणि फौजदारी अतिक्रमणासाठी कलम 329 आहे. ‘जुने लोखंड गेले’ असे सांगितले तर तक्रार तेथेच विरते. तारखेसह छायाचित्रे आणि क्रमांकित यादी जोडली तर तिला वजन येते. फिटरसाहेबांनी सांगितलेली वही अशा वेळीही उपयोगी पडेल.

वारसा म्हणून संरक्षण मिळण्याबाबत मात्र फार आशा बाळगू नये. पुरावशेष व कला संपत्ती अधिनियम, 1972 च्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या आणि गतकाळातील विज्ञान, कला, हस्तव्यवसाय दर्शवणाऱ्या वस्तू येतात, परंतु त्या कायद्याचा मुख्य रोख निर्यात आणि व्यापार यांच्या नियंत्रणावर आहे; आपल्याच आवारात यंत्र गंजत ठेवणाऱ्या मालकाला तो काही करायला लावत नाही. शहरांच्या वारसा याद्यांत प्रामुख्याने इमारती आणि परिसर असतात, आतल्या यंत्रांचा विचार त्यांत क्वचितच दिसतो. म्हणून सध्या तरी मालकाचे मन हेच तुमचे खरे संरक्षण आहे.

मोतीबाग यांचे उत्तर:

मी थोडा वेगळा विचार मांडतो. आपल्या शहरात मोतीबागेचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय 2002 पासून आहे आणि 762 मिलिमीटर रुंदीच्या त्या छोट्या रुळांवरची वाहने तेथे छपराखाली, पहाऱ्यात आहेत. याउलट जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. एका गिरणीने शहराला घडवले, पण तिथले यंत्र पाहायचे म्हटले तर मुलांना कोठे न्यावे हे मला सांगता येत नाही. म्हणून एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा संग्रहालयाला इंजिन देऊन टाकावे, निदान ते तरी वाचेल, असे मला वाटते.

जुना फिटर:

मोतीबाग, आपली कळकळ समजते, पण रेल्वे इंजिन मुळातच चाकांवर असते. ते नेले तरी इंजिनच राहते. येथे मोल साखळीचे आहे. बॉयलरमधली वाफ, ती इंजिनात, इंजिनातून शाफ्टवर, शाफ्टवरून रेच्यावर, सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे, आणि शेवटी तीच रुई दाबून गाठ. त्यातून एकटे इंजिन उचलले तर महाविद्यालयाच्या फाटकात ते शोभेचा दगड होऊन बसेल. औद्योगिक वारशासंबंधीच्या 2003 च्या निझनी तागील सनदेतही यंत्रे वारशाचा भाग मानली आहेत आणि जागेवरच जतन करण्याला अग्रक्रम दिला आहे. हलवणे केवळ तेव्हाच, जेव्हा मोठ्या सामाजिक वा आर्थिक निकडीपुढे ती जागाच राहणार नसेल. शिवाय सुटे करणे, क्रेन, वाहतूक आणि नवा पाया यांचा खर्च काढून पाहा. पन्नास हजारांत फ्लायव्हीलसुद्धा जागचे हलणार नाही.

रेचा यांचे उत्तर:

रंगाबाबत फिटरसाहेबांशी माझे मत जुळत नाही. आमच्या गावच्या जिनिंगमध्ये रेड ऑक्साइडचा हात मारला म्हणूनच दोन रेचे अजून उभे आहेत. ज्यांना रंग लागला नाही ते भुगा झाले. रेच्यांसंबंधी आणखी एक सांगतो: लोखंडापेक्षा लाकूड आणि चामडे आधी जाते. रोळांवरच्या चामड्याच्या चकत्या उंदीर खातात, लाकडी चौकटीला वाळवी लागते. पायांखालची माती काढून चौकटी विटांवर उचलून घ्या.

जुना फिटर:

रेचा यांचा अनुभव खोटा नाही. गंज नीट काढून, पृष्ठभाग सुकवून दिलेला रंग टिकतो. माझा आक्षेप घाईच्या रंगाला आहे, जो गंजाच्या पापुद्र्यावर बसतो, आतली ओल कोंडतो आणि मूळ रंगाच्या रेघा व हाताने घातलेले क्रमांक कायमचे झाकतो. मधला मार्ग हवा असेल तर हिरड्याचा काढा करून पाहा. हिरड्यातील टॅनिन गंजाशी मिळून काळसर थर तयार करते. एखाद्या मोडक्या तुकड्यावर आधी प्रयोग करा आणि वरून तेलाचा हात द्या. फ्लायव्हीलवरची नावे मात्र तारेच्या ब्रशने मुळीच घासू नका. फवाऱ्याचा रंग बहुधा थिनरमध्ये भिजवलेल्या बोळ्याने निघतो, पण खालचा मूळ रंग कोठे सुटतो हे आधी कोपऱ्यात तपासावे लागते.

मोतीबाग:

हलवण्याचा मुद्दा मी मागे घेतो. पण पहाऱ्याचे काय? कुंपण घातले तर ते आधी तारेसाठी चोरीला जाईल.

सरकी:

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी तिन्ही वारस आणि मी तेथेच बसलो. तिसऱ्या काकांना मी कायदा सांगितला नाही. आजोबांच्या हातची, इंजिनाजवळच्या भिंतीवर खडूने लिहिलेली पाळ्यांची वेळ दाखवली आणि भंगारवाल्याच्या भावातून वाहतूक व तोडणावळ वजा केल्यास हाती किती उरते त्याचा हिशेब मांडला. पावसाळा संपेपर्यंत विक्री थांबवण्यास ते तयार झाले आहेत. त्यापुढचे नंतर पाहू असे म्हणाले.

पहाऱ्यासाठी जिनिंगच्या फाटकाशी चहाची टपरी लावू इच्छिणाऱ्या एका माणसाला ओसरीची जागा बिनभाड्याने दिली आहे. त्याचे वडील याच जिनिंगमध्ये हमाल होते. तो सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत तेथे असतो आणि फवाऱ्याने नावे लिहिणारी मुले कोण हे त्याला पहिल्याच दिवशी ठाऊक होते. त्यांपैकी दोघांना आम्ही खड्डा उपसायला बोलावले आहे, मजुरी देऊन. छताचे पत्रे येत्या गुरुवारी येतील. पाटी आणि एकवीस पितळी भाग क्रमांक घालून मोठ्या काकांच्या कपाटात ठेवले आहेत. काजळीचे काम या शनिवारी धरले आहे. बॉयलरच्या नळीत शिरताना हवेची आणि उजेडाची सोय कशी करावी हे फिटरसाहेबांनी त्याआधी लिहिले तर बरे होईल.

जुना फिटर:

दोन्ही टोकांची दारे आदल्या दिवशीच उघडून ठेवा आणि एका टोकाला पंखा लावा. आत एकच माणूस जावा, बाहेर दुसरा सतत त्याच्याशी बोलत राहावा. बॅटरीवर चालणारा दिवाच वापरा, घरगुती विजेची वायर आत नेऊ नका. नाकातोंडावर ओला रुमाल पुरणार नाही. धुळीचा चांगला मास्क घ्या. आणि साप आधी पाहा, उन्हाळ्यात त्यांना तीच जागा गार वाटते.