अनुभव धागा : शिकताना धंदा केलात, तेव्हा कॉलेजनं हातात काय दिलं?

माझा भाचा डिचोलीत राहतो, यंदा बारावी झाला. त्याला स्वतःचं काहीतरी उभारायचंय. कॉलेजांची माहितीपत्रकं चाळली तर इनोव्हेशन कौन्सिल (नवे उद्योग, कल्पना यांना चालना देणारी कॉलेजातली समिती) सगळीकडेच आहे, त्यातून काय कळणार? गोव्यात शिकता शिकता ज्यांनी धंदा केला, त्यांनी कृपया लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

फोंडा (धागाकर्ती)
तिसऱ्या वर्षाला आम्ही दोघी मैत्रिणी भिरंडांचं (कोकमाच्या फळांचं) सरबत करून विकायचो. भिरंडं पिकतात एप्रिल-मेमध्ये, परीक्षाही नेमक्या तेव्हाच. केमिस्ट्रीच्या सरांनी संध्याकाळी प्रयोगशाळेची किल्ली दिली, आंबटपणा मोजणारं पीएच मीटर वापरायला शिकवलं. प्रत्येक बॅचमधली एक बाटली तारीख घालून बाजूला ठेवायची, ही त्यांचीच शिस्त. बाराव्या दिवशी एका बाटलीचं झाकण फुगलं. उघडली तर फेस आणि आंबूस वास. त्याच बॅचच्या चाळीस बाटल्या दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जायच्या होत्या! सगळ्या ओतून टाकल्या. एफएसएसएआयची (खाद्यपदार्थ विकायला लागणारी सरकारी) नोंदणी तेव्हा वर्षाला 100 रुपयांत व्हायची, तो अर्जही सरांनी शेजारी बसून भरून घेतला.

मूळ कुडाळ, तेव्हा होस्टेलवर
कंपनी नोंदवायला पत्ता लागतो, तिथेच आमचं घोडं अडलं. 2019 च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात संस्थेच्या परवानगीनं कॉलेजचा पत्ता देता येतो. हजेरी कमी भरली तरी परीक्षेला बसू देण्याची आणि मधे सेमिस्टरची सुटी घेण्याचीही सोय आहे. मी ते पान छापून ऑफिसात नेलं. सहीला चार महिने लागले. भाच्याला सांगा, प्रवेशाआधीच कॉलेजला विचार : आजवर कुणाला असं परवानगीचं पत्र दिलंय का?

वास्को
आमच्याकडे स्पर्धा झाली, चेक मिळाला, फोटो निघाले. वर्कशॉपला मात्र पाचला कुलूप. शेवटी एका मॅडमनी स्वतःच्या गाडीतून वेर्ण्याला सीबा इन्क्युबेशन सेंटरमध्ये (नव्या धंद्यांना उभं राहायला मदत करणाऱ्या केंद्रात) नेलं. आपल्या कॉलेजात सोय नसली तरी असं कुणीतरी हवंच.

पेडणे
माझा धंदा दीड वर्षात बुडाला. दोन विषय राहिलेले, वर्गात तोंड दाखवायची लाज वाटायची. विभागप्रमुखांनी घरी फोन केला, बाबांशी बोलले, म्हणाले, "सोमवारी त्याला पाठवा, हिशेबाच्या वह्या घेऊन." त्या वह्या समोर ठेवून पुढच्या बॅचला त्यांनी माझ्याकडून उधारी या विषयावर अख्खा तास घेववला. विषय सुटले. उधारी अजून येणं आहे.