‘कोलंबसपूर्व’ हा काळ आहे का?

कवडसा
मुलीच्या प्रकल्पासाठी माया संस्कृतीची माहिती मराठीत लिहून देत होते. जिथे बघावं तिथे तोच शब्द, ‘कोलंबसपूर्व’, म्हणजे 1492 मध्ये कोलंबस अमेरिकेत पोचला त्याआधीचा. लिहिता लिहिता हात थांबला. पेरू देशातलं कराल हे शहर साडेचार हजार वर्षांपूर्वीचं, इजिप्तच्या पिरॅमिडांच्या सुमाराचं. मेक्सिकोतली अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान वसली चौदाव्या शतकात. ही सगळी हजारो वर्षं एका शब्दात कोंबायची, आणि तीही अशा माणसाच्या नावानं, जो या दोन्ही ठिकाणी कधी पोचलाच नाही? माया लोक तर शिळांवर दिवसासकट तारखा कोरत होते. त्यांचा काळ त्यांनीच मोजून ठेवलाय. हा शब्द सोडून द्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

रानवाट
नाही पटलं. हा कोलंबसाचा गौरव नव्हे, नुसती खूण आहे. ‘इसवी सनापूर्वी’ लिहिणारे सगळे ख्रिस्ती असतात का? आणि 1492 ही खरोखरच मोठी फूट आहे. घोडा, गहू, ऊस तिकडे गेले, देवीची साथ गेली. 1520 मध्ये तेनोच्तित्लानमध्ये देवीनं माणसं पटापट मेली आणि पुढच्याच वर्षी शहर स्पॅनिशांच्या हाती पडलं. अलास्कापासून चिलीपर्यंतचा त्याआधीचा इतिहास एका दमात सांगायचा तर एक शब्द लागणारच.

कवडसा
इसवी सनासोबत निदान आकडा येतो. इथे आकडाच नाही. शिवाय हा काळ संपला कधी? कॅरिबियन बेटांवर 1492 ला. पण इत्झा मायांची राजधानी नोहपेतेन स्पॅनिशांच्या हाती गेली 1697 मध्ये! तिथे 1600 साली घडवलेलं मडकं कोलंबसपूर्व म्हणायचं की नंतरचं?

कुळागर
मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा, म्हणून राहवलं नाही. आमच्याकडेही ‘पोर्तुगीजपूर्व गोवा’ असं सर्रास लिहितात. तिसवाडी तालुका पोर्तुगीजांकडे 1510 मध्ये गेला, सत्तरी-पेडणे अठराव्या शतकात. जुन्या काबिजादी (त्यांनी आधी जिंकलेला मुलूख) आणि नव्या काबिजादी (नंतर जिंकलेला) यांच्यात दोनशेहून जास्त वर्षांचं अंतर. मग कुठल्या गोव्याचं ‘पूर्व’? तांबडी सुर्लाच्या महादेवाचं देऊळ ‘कदंबकालीन’ म्हटलं की लगेच उलगडतं कोणी, केव्हा. ‘पोर्तुगीजपूर्व’ म्हटलं की एवढंच कळतं की पोर्तुगीज तिथे नव्हते.

रानवाट
कदंबांचं नाव ठाऊक आहे, म्हणून ते सोपं जातं. ज्या लोकांनी लिखाण ठेवलं नाही, ज्यांचं स्वतःचं नावही आपल्यापर्यंत आलं नाही, त्यांचं काय? मेक्सिकोतले अभ्यासकसुद्धा ‘स्पॅनिशपूर्व’ म्हणतातच की. त्यांना काय आपल्या पूर्वजांची कदर नाही?

कवडसा
कदर नाही असं मी म्हणणारच नाही. पण नाव हरवलं त्याचं एक कारण तरी बघा. 1562 मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूनं मायांच्या पोथ्या जाळल्या. आज जेमतेम चार उरल्यात. ज्यांच्या पोथ्या जाळल्या त्यांच्या काळाला जाळणाऱ्यांच्या येण्यावरून नाव द्यायचं, हे मला सोसत नाही. आणि नाव नसेल तिथे नदीखोऱ्याचं नाव द्या, शतक द्या.

रानवाट
पोथ्यांचं मान्य. आतल्या मजकुरात काळ आणि लोक नेमके लिहा, तिथे माझी हरकत नाही. पण पेरूचे इंका, माया, कोलंबियाचे मुइस्का एकाच पुस्तकात आले की मुखपृष्ठावर मला ‘कोलंबसपूर्व’च लागेल.

कवडसा
मला तिथेही नको. मुलीच्या वहीवर आम्ही ‘अभिजात माया, इ.स. 250 ते 900’ असं लिहिलंय.