'एंडोक्राइन डिसरप्टर', 'ओबेसोजेन' आणि एक नको तिथला 'लिंगभेद'

पाटीपेन्सिल: एका लेखाचं भाषांतर करतेय. कीटकनाशकं, प्लॅस्टिक वगैरेंतली काही रसायनं शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात, त्यातून चरबी वाढते, साखरेचं गणित बिघडतं, आणि हे बायका-पुरुषांत सारखं घडत नाही, असा विषय आहे. मथळ्यातले दोन शब्द अडलेत: 'एंडोक्राइन डिसरप्टर' (हार्मोन्समध्ये अशी ढवळाढवळ करणारं रसायन) आणि 'ओबेसोजेन' (त्यातलं चरबी वाढवणारं). तिसरा 'सेक्स डिफरन्सेस'. त्याला मी 'लिंगभेद' लिहिलं, तर संपादकांनी समासात विचारलंय, "रसायनं भेदभाव करतात का?"

रसायनवाला: हार्मोनला आपल्याकडे 'संप्रेरक' हा सुरेख शब्द आहे. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने १९०५ मध्ये 'हार्मोन' शब्द वापरला, तो 'चेतवणे' अशा अर्थाच्या ग्रीक धातूवरून. संप्रेरकात तीच प्रेरणा आहे. 'डिसरप्टर' १९९१ चा, अमेरिकेत विंगस्प्रेडला प्राणिशास्त्रज्ञ थिओ कोलबॉर्न यांच्या पुढाकाराने झालेल्या बैठकीतला. 'संप्रेरक-विघातक' म्हणावं.

जुनापुराणा: विघातक नको हो. ही रसायनं संप्रेरकाचा घात करत नाहीत. प्लॅस्टिकमधलं बिस्फेनॉल-ए इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचं सोंग घेतं, म्हणजे पानिपतानंतर उपटलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयासारखं. पण सगळीच तोतये नाहीत. डीडीटीपासून शरीरात तयार होणारं डीडीई पुरुषी संप्रेरकाची जागा अडवून बसतं, स्वतः काही करत नाही. दोन्ही प्रकार मावतील असा शब्द 'व्यत्ययक'. बोलीत 'लुडबुडी रसायनं' म्हणा, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

पाटीपेन्सिल: लुडबुडी आवडलं! मथळ्यात 'संप्रेरक-व्यत्ययक', मजकुरात लुडबुडी. ओबेसोजेनला 'स्थूलताजनक' चालेल?

रसायनवाला: चालेल, पण 'मेदजनक' जास्त नेमका. हा शब्द २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्रून आणि ब्लुमबर्ग यांनी काढला, ट्रायब्युटिलटिनवर काम करताना. ते गर्भात मिळालं तर उंदरांत चरबी वाढते. मूळपेशींना (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात) ते चरबीच्या पेशी व्हायला ढकलतं. म्हणजे आधी मेद, स्थूलता नंतर, कधी दिसेल तेव्हा. गंमत म्हणजे हे रसायन त्याआधी गाजलं होतं ते वेगळ्याच कारणाने. जहाजांच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून रंगात घालत, आणि बंदरांजवळच्या मादी शंखांना नराचे अवयव फुटत. त्याला 'इम्पोसेक्स' म्हणतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आपल्या किनाऱ्यावरच्या शंखांतही ते नोंदवलंय. २००८ पासून असल्या रंगांवर जगभर बंदी आहे.

खमंगकाकडी: 'चरबीजनक' सुचवलं नाहीत ते बरंच. कुणाला चरबी चढली म्हटलं की मराठीत मुजोरी आली. (आणि मेदुवड्याचा मेदाशी काही संबंध नाही, तो कानडीतला 'मेदु', मऊ.)

जुनापुराणा: आता लिंगभेद. संपादकांचं बरोबर आहे, वाचक आज त्याचा अर्थ अन्याय असाच घेतो. 'लैंगिक फरक' लिहिलंत तर भलतंच वाटेल. 'लिंगभाव' सामाजिक, तो इथे उपयोगाचा नाही. प्राण्यांबद्दल 'नर-मादीतला फरक', माणसांबद्दल 'स्त्री-पुरुषांतला फरक' लिहा. विशेषण हवं असेल तर 'लिंगसापेक्ष'.

पाटीपेन्सिल: पण ताई-दादांनो, खरी पंचाईत पुढे आहे. मूळ लेखात २०१४ चा एक प्रयोग आहे. गाभण उंदरांना डीडीटी दिलं. पुढे मोठ्या झालेल्या मादी संततीत ऊर्जा कमी खर्च होऊ लागली, थंडीत शरीर गरम ठेवणं जड जाऊ लागलं. स्निग्ध आहारावर इन्सुलिनचं गणितही बिघडलं. नरांत तसं फारसं झालं नाही. मी लिहिलं, "पिल्लांवर परिणाम झाला."

जुनापुराणा: म्हणजे मुद्दाच गेला! 'पिल्लू' नपुंसकलिंगी, 'उंदीर' पुल्लिंगी. आपलं व्याकरण लिंगाबद्दल इतकं काटेकोर, आणि ऐनवेळी प्राण्याचं लिंग लपवतं. प्रत्येक ठिकाणी 'मादी पिल्लं', 'नर पिल्लं' लिहा. कंटाळवाणं वाटलं तरी लिहा.

रसायनवाला: अनुमोदन. आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकात "उंदरांवर प्रयोग केला" एवढंच असायचं, नर का मादी कुणी विचारलंच नाही. आणि डीडीटीचा उल्लेख आहे तर एक तळटीप: ते आपल्या रायगडातल्या रसायनीलाही बनायचं. गावाचं नावच रसायनी, त्याला प्रतिशब्द शोधायला नको.

पाटीपेन्सिल: "मादी पिल्लांमध्ये चयापचय मंदावला, नर पिल्लांमध्ये तसा बदल ठळक नव्हता." चालेल?

खमंगकाकडी: चालेल. 'मंदावला' की 'मंदावलं'? आमच्याकडे चयापचय नपुंसकलिंगी.

जुनापुराणा: पुल्लिंगीच. 'अपचय' पुल्लिंगी, 'संचय' पुल्लिंगी. त्यावर वेगळा धागा काढा.